वडिलांच्या नावाचा रकाना

माझ्या एका दिवंगत मित्राच्या मुलीच्या पहिल्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावापुढे निळ्या शाईची एक आडवी रेघ आहे. ती ओढली गेली तेव्हा माझा मित्र त्याच कचेरीतल्या बाकावर, सहा दिवसांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसलेला होता. त्याचे आणि मुलीच्या आईचे लग्न झालेले नव्हते, आणि लग्न झालेले नसेल तर वडिलांचे नाव लिहिण्यासाठी दोघांनी अधिकाऱ्यासमोर सही करायचा एक वेगळा अर्ज लागतो, हे त्यांना खिडकीपाशी पोहोचल्यावर कळले. अर्ज हातात देऊन कारकुनाने सांगितले की हे नंतर केव्हाही करता येईल. त्यात खोटे काहीच नव्हते. तो अर्ज घरी फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली अडकवला गेला. मित्राने तो आपल्या हाताने भरला, मुलीचे नाव, जन्मवेळ, वजन, सगळे नीट लिहिले. सही तेवढी अधिकाऱ्यासमोर करायची म्हणून मोकळी ठेवली. चौदा महिन्यांनी तो रस्त्यावरच्या अपघातात गेला.

मी वकील नाही. त्यानंतरची जवळपास दोन वर्षे मी मुलीच्या आईसोबत फाइल घेऊन हिंडलो, आणि हिंडता हिंडता या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून ते कुठे राहतात हे इथे लिहीत नाही. त्याने फारसे बिघडतही नाही, कारण निरनिराळ्या देशांचे कायदे चाळताना एकच गाठ पुन्हा पुन्हा हाताला लागली: आईचे नाते जन्माच्या घटनेनेच सिद्ध होते, वडिलांचे नाते मात्र कोणीतरी काहीतरी केल्याखेरीज कायद्याच्या लेखी अस्तित्वातच येत नाही. लग्न हे असे एक ‘करणे’ आहे, आणि ते आधीच उरकलेले असल्यामुळे विवाहित जोडप्यांना या गाठीचा पत्ताही लागत नाही.

या विचाराचे मूळ थेट रोमन कायद्यात सापडते. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेवरून इ. स. 533 मध्ये सिद्ध झालेल्या ‘डायजेस्ट’ या संकलनात पाउलुस या विधिज्ञाचे एक वाक्य आहे. आई नेहमी निश्चित असते आणि वडील म्हणजे ज्याच्याकडे विवाह निर्देश करतो तो, असा त्याचा आशय आहे. गंमत अशी की हे वाक्य वारशाच्या किंवा पोटगीच्या चर्चेत आलेले नाही. आपल्या आईवडिलांना परवानगीवाचून न्यायालयात खेचता येत नाही, या नियमाची चर्चा चालू असताना ‘आईवडील म्हणजे नेमके कोण’ असा प्रश्न पडला, आणि त्याचे उत्तर म्हणून ते आले. पुढची जवळपास दीड हजार वर्षे युरोपातल्या आणि युरोपाकडून कायदे घेतलेल्या देशांतल्या न्यायालयांनी त्या उत्तराच्या उत्तरार्धावर काम भागवले.

पूर्वार्धही सगळीकडे पाळला गेला असे नाही. बेल्जियममध्ये 1970 च्या दशकातही अविवाहित स्त्रीला स्वतः जन्म दिलेल्या अपत्याशीही कायदेशीर नाते आपोआप मिळत नसे; तिला ते अपत्य आपले असल्याची रीतसर स्वीकृती द्यावी लागे. पॉला मार्क्स या पत्रकार महिलेला 1973 मध्ये मुलगी झाली, तेव्हा तिने आधी स्वीकृती दिली आणि ती दिल्यावरही मुलीचे हक्क अपुरे राहतात हे पाहून पुढच्या वर्षी स्वतःच्याच मुलीला दत्तक घेतले. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 13 जून 1979 रोजी हा कायदा कौटुंबिक जीवनाच्या हक्काशी विसंगत ठरवला. हे वाचल्यावर आमच्या निळ्या रेघेबद्दलचा माझा राग थोडा निवळला होता, हे कबूल करतो.

लग्न नसताना वडिलांचे नाते सिद्ध करण्याचे मार्ग मोजकेच आहेत. एक, आई आणि वडील दोघांनी मिळून लेखी स्वीकृती देणे. दुसरा, न्यायालयाकडून तसा निर्णय मिळवणे. काही ठिकाणी नंतर लग्न केल्यानेही आधीच्या अपत्याचा दर्जा बदलतो, पण तो मार्ग ज्यांना लग्न करायचेच आहे त्यांच्यासाठी आहे. त्याबद्दल इथे अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

स्वीकृतीचा मार्ग दिसायला इतका साधा आहे की त्याचे वजन लक्षात येत नाही. जर्मनीत वडिलांची घोषणा आणि तिला आईची संमती, अशा दोन गोष्टी लागतात, आणि हे काम युवक कल्याण कार्यालयात, जन्मनोंदणी कार्यालयात किंवा नोटरीपुढे करता येते. मुख्य म्हणजे ते अपत्य जन्मण्याआधीही करता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये आईवडील दोघांनी एकत्र येऊन जन्म नोंदवला आणि त्यात वडिलांचे नाव लागले, तर 1 डिसेंबर 2003 पासूनच्या नोंदींमध्ये अविवाहित वडिलांनाही पालकत्वाची जबाबदारी आपोआप मिळते; त्याआधी नाव लागूनही ती मिळत नसे. अमेरिकेत 1993 च्या संघीय कायद्यानंतर प्रसूतीच्या रुग्णालयातच स्वीकृतीचा अर्ज उपलब्ध करून देणे राज्यांवर बंधनकारक झाले. त्यामागचा हिशेब व्यवहारी होता. बाळ जन्मल्यावरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत दोघेही एका खोलीत असतात, दोघेही बहुधा आनंदात असतात आणि पेन जवळ असते. सहा महिन्यांनी यातले काय शिल्लक असेल ते सांगता येत नाही.

मात्र ही सही केवळ नावासाठी केली जात नाही. अमेरिकेच्या 1996 च्या कायद्यानुसार अशी स्वीकृती साठ दिवसांच्या आत मागे घेता येते. त्यानंतर तिला न्यायालयाच्या निर्णयाइतके बळ येते, आणि फसवणूक, जबरदस्ती किंवा महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबतची चूक एवढ्याच कारणांवर तिला आव्हान देता येते. अपत्य आपलेच आहे याबद्दल मनात शंका असेल तर चाचणी सहीच्या आधी करावी, असे जाणकार का सांगतात ते यावरून कळते. चाचणीचा विषय काढणे म्हणजे जोडीदारावर अविश्वास दाखवणे, असे समजून पुष्कळ पुरुष गप्प राहतात आणि सही करतात. उलट, अपत्य आपले नाही हे पक्के ठाऊक असूनही प्रेमापोटी सही करणारेही असतात. ती भावना मला समजते, पण पुढे संबंध तुटले की हीच माणसे सही नाकारायला न्यायालयात येतात, आणि तोपर्यंत ज्या अपत्याने त्यांना बाबा म्हणून ओळखलेले असते त्याला एका कागदाने बाप दिलेला आणि दुसऱ्या कागदाने काढून घेतलेला असतो. ज्याला खरोखर त्या अपत्याचा बाप व्हायचे आहे त्याच्यासाठी दत्तकविधानाचा सरळ रस्ता आहे. तो लांबचा आहे, पण नंतर उखडत नाही.

आणखी एक गैरसमज मी जवळून पाहिला. दाखल्यावर नाव आले म्हणजे सगळे हक्क आले, असे पुष्कळांना वाटते. नाव, पोटगी, वारसा, नागरिकत्व, ताबा आणि भेटीचा हक्क या गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या नाहीत. काही पितृत्वाबरोबर आपोआप येतात, काही वेगळ्या मागाव्या लागतात, आणि कोणती कशात मोडते हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. जर्मनीत पितृत्वाची स्वीकृती दिलेल्या अविवाहित वडिलांना संयुक्त पालकत्वासाठी आणखी एक संयुक्त घोषणा लागे, आणि आईने नकार दिला तर पुढे बोलायची सोयच नव्हती. 3 डिसेंबर 2009 रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने झाउनेगर खटल्यात हा भेदभाव असल्याचे म्हटले, 2010 मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानेही तेच म्हटले आणि 2013 मध्ये कायदा बदलला. आता वडील न्यायालयात अर्ज करू शकतात. घोषणा मात्र अजूनही वेगळीच आहे.

सही करायला कोणी तयार नसेल तेव्हा न्यायालयाची वाट उरते, आणि ती वाट सर्वांसाठी नेहमी उघडी होती असे समजू नये. फ्रान्सच्या 1804 च्या दिवाणी संहितेच्या 340 व्या कलमात, अपहरणाचा अपवाद सोडता, ‘पितृत्वाचा शोध घेण्यास मनाई आहे’ असे सरळ लिहिलेले होते. म्हणजे एखाद्या पुरुषाने आपणहून स्वीकृती दिली तर ठीक; पण त्याला न्यायालयात उभे करून ‘हे मूल तुझे आहे की नाही’ असे विचारण्याचा हक्क आईलाही नव्हता आणि मुलालाही नव्हता. प्रतिष्ठित घराण्यांना खोट्या दाव्यांपासून वाचवायचे, हा त्यामागचा सांगितला जाणारा हेतू. खऱ्या दाव्यांपासूनही ती घराणी तितकीच वाचली. ही मनाई 1912 पर्यंत टिकली, आणि उठली तीही ठरावीक परिस्थितींपुरतीच. औरस-अनौरस हा शब्दभेद तर फ्रान्सच्या संहितेतून 2005 च्या अध्यादेशाने गेला.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात विवाहबाह्य अपत्याला ‘कोणाचाच पुत्र नसलेला’ अशा अर्थाची लॅटिन संज्ञा होती. तिचा सोयीस्कर अर्थ असा की त्याला वारसा कोणाकडूनच मिळत नाही, पण खर्च मात्र कोणाच्या तरी माथी मारावाच लागतो. 1576 च्या कायद्याने न्यायदंडाधिकाऱ्यांना अशा अपत्याच्या खर्चासाठी आईवडिलांना धरण्याचा अधिकार दिला, तो अपत्याच्या कळवळ्याने नव्हे, तर गावच्या गरीबनिधीवर भार पडू नये म्हणून. 1834 च्या सुधारणेने तो भार मुख्यतः आईवर ढकलला.

जर्मनीची तऱ्हा याहून चमत्कारिक होती. 1900 मध्ये अमलात आलेल्या तिथल्या नागरी संहितेत एक वाक्य होते: अनौरस अपत्य आणि त्याचे वडील हे परस्परांचे नातेवाईक मानले जात नाहीत. पोटगी मात्र वडिलांनीच द्यायची! बाप खर्चापुरता बाप, बाकी परका. ‘पैसे देणारा बाप’ अशा अर्थाचा एक शब्दच जर्मनमध्ये रूढ झाला. 1919 च्या आणि 1949 च्या, अशा दोन राज्यघटनांनी अशा अपत्यांना समान संधीचे वचन देऊनही ते वाक्य 1 जुलै 1970 पर्यंत पुस्तकात राहिले. त्या मानाने नॉर्वेने 1915 मध्येच योहान कास्टबेर्ग यांच्या पुढाकाराने जे कायदे केले त्यांचे धाडस आज लक्षात येते: वडील निश्चित झालेल्या विवाहबाह्य अपत्याला वडिलांचे आडनाव लावण्याचा आणि त्यांच्या मालमत्तेत वारशाचा हक्क मिळाला. त्यावर तिथे बराच गदारोळ झाला होता.

पितृत्व न्यायालयात सिद्ध करायचे म्हणजे पूर्वी काय करावे लागे, याची कल्पना चार्ली चॅप्लिन यांच्या खटल्यावरून येते. जोन बॅरी या तरुण अभिनेत्रीने 1943 मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीचे वडील चॅप्लिन असल्याचा दावा कॅलिफोर्नियात केला. रक्तगट तपासले गेले. आईचा गट ए, मुलीचा बी आणि चॅप्लिन यांचा ओ. मुलीतला बी हा घटक आईकडून आलेला असणे शक्य नव्हते, म्हणजे तो वडिलांकडूनच यायला हवा. आणि ओ गटाच्या माणसाकडे तो नसतोच. शास्त्राच्या बाजूने प्रश्न तिथेच मिटला होता. पण त्या वेळच्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अशी चाचणी निर्णायक पुरावा मानली जात नव्हती. पहिल्या वेळी ज्यूरीचे एकमत जमले नाही. एप्रिल 1945 मध्ये दुसऱ्या ज्यूरीने चॅप्लिन यांना वडील ठरवले, आणि मुलगी एकवीस वर्षांची होईपर्यंत आठवड्याला 75 डॉलर द्यायचा आदेश झाला. मुलीला न्यायालयात आणून चॅप्लिन यांच्यासमोर उभे करण्यात आले होते, दोघांचे चेहरे ज्यूरीने ताडून पाहावेत म्हणून. रक्ताच्या अहवालापेक्षा नाकडोळे भारी ठरले. कॅलिफोर्नियाने 1953 मध्ये कायदा बदलून रक्तगटाच्या आधारे पितृत्व नाकारण्याची वाट मोकळी केली.

रक्तगटाची मर्यादा अशी की तो ‘हा नव्हे’ एवढेच खात्रीने सांगू शकतो. ‘हाच’ असे सांगू शकत नाही, कारण तोच गट लाखो लोकांचा असतो. ‘हाच’ म्हणण्याची सोय लेस्टर विद्यापीठातल्या ॲलेक जेफ्रीज यांच्या कामाने झाली. 10 सप्टेंबर 1984 च्या सकाळी क्ष-किरण फिल्मवर उमटलेल्या पट्ट्या पाहताना प्रत्येक माणसाचा डीएनए ठसा वेगळा असतो हे त्यांच्या ध्यानात आले. पुढच्याच वर्षी या पद्धतीचा पहिला प्रत्यक्ष उपयोग झाला तो गुन्ह्याच्या तपासात नव्हे, तर नात्याच्या तंट्यात. घानामधून ब्रिटनमध्ये एका बाईकडे परत येणारा एक मुलगा तिचा मुलगा आहे की भाचा, असा संशय अधिकाऱ्यांनी घेतला होता. वडील उपलब्ध नव्हते. जेफ्रीज यांनी आईचा आणि तिच्या तीन निर्विवाद अपत्यांचा डीएनए घेतला, आईकडून न आलेल्या पट्ट्या वेगळ्या काढल्या आणि त्यांवरून गैरहजर वडिलांचा ठसा जुळवून काढला. मुलगा त्याच घरातला निघाला. आमच्या फाइलचे पुढे काय झाले ते सांगताना या गोष्टीकडे परत यावे लागेल.

आजची चाचणी याहून सोपी आहे. डीएनएवर ठरावीक जागा अशा असतात की तिथे अक्षरांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि तो किती वेळा येतो हे माणसागणिक बदलते. प्रत्येक जागी अपत्याकडे दोन आकडे असतात, एक आईकडचा आणि एक वडिलांकडचा. आईचा आकडा बाजूला काढल्यावर उरलेला आकडा दावा केलेल्या वडिलांकडे आहे का, हे पंधरा-वीस किंवा अधिक जागांवर पाहिले जाते. एका जागी जुळले नाही म्हणून लगेच नकार दिला जात नाही, कारण क्वचित उत्परिवर्तनाने आकडा बदलतो. अनेक जागी जुळले नाही तर मात्र पितृत्व फेटाळले जाते. सगळीकडे जुळले तर अहवालात 99.99 टक्के किंवा त्याहून अधिक शक्यता लिहिलेली असते. शंभर टक्के कधीच लिहीत नाहीत, आणि त्यावरून काही वकील उगीच धुरळा उडवतात. खरी अडचण संशयित वडिलांना एकरूप जुळा भाऊ असेल तर येते, कारण नेहमीच्या चाचणीत दोघांचे आकडे सारखेच निघतात.

घरी मागवलेल्या चाचणीच्या पाकिटाचा न्यायालयात सहसा उपयोग होत नाही, हे इथेच सांगून टाकतो. नमुना नेमका कोणाच्या तोंडातला आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. फ्रान्समध्ये तर न्यायाधीशाच्या आदेशाखेरीज अशी चाचणी करवून घेणे हाच गुन्हा आहे.

तर विज्ञानाने ‘कोण’ या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले. मग कायद्याचे काम संपले का? मला काही काळ तसे वाटत होते. एका अमेरिकन खटल्याने तो भ्रम घालवला. 1981 मध्ये कॅलिफोर्नियात एका विवाहित स्त्रीला मुलगी झाली. रक्ताच्या चाचण्यांनुसार शेजारी राहणारा मायकेल हा तिचा जनक असण्याची शक्यता 98.07 टक्के होती. काही काळ तो त्या दोघींसोबत राहिला होता आणि मुलीला आपली म्हणत होता. पण राज्याच्या कायद्यानुसार पतीबरोबर राहणाऱ्या स्त्रीचे अपत्य पतीचेच मानले जाई, आणि त्याला आव्हान द्यायची मुभा फक्त पतीपत्नींना होती. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा कायम ठेवला. मायकेल जनक असेल, पण वडील नव्हे. या निकालावर मी कितीतरी दिवस मनातल्या मनात भांडलो, आणि अजूनही माझा कल अल्पमतातल्या चौघांकडे आहे. तरी संसारात सुखरूप असलेल्या एका लहान मुलीच्या घरात बाहेरच्या माणसाने केव्हाही प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन शिरावे का, हा बहुमताचा प्रश्न पोरकट म्हणता येत नाही.

भारतातही हीच ओढाताण दिसते. 1872 च्या पुरावा कायद्याच्या 112 व्या कलमानुसार विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यापासून 280 दिवसांच्या आत आणि आईने पुनर्विवाह केलेला नसताना जन्मलेले अपत्य पतीचे औरस अपत्य असल्याचा तो निर्णायक पुरावा ठरतो, आणि गर्भधारणेच्या काळात पतीपत्नींना परस्परांचा संपर्कच शक्य नव्हता हे दाखवल्याशिवाय तो खोडता येत नाही. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हेच कलम 116 क्रमांकाने आले आहे. 1993 मध्ये गौतम कुंडू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऊठसूट रक्तचाचणीचे आदेश देऊ नयेत असे बजावले. 2014 मध्ये नंदलाल बडवाईक खटल्यात, डीएनएचा अहवाल समोर आलेला असताना कायद्याच्या गृहीतकापेक्षा तो सरस ठरेल असे म्हटले. आणि जानेवारी 2025 मध्ये पुन्हा, संपर्काचा अभाव सिद्ध झाल्याखेरीज औरसपणाचे गृहीतक ढळत नाही, या बाजूला निकाल दिला.

पण हे सारे विवाहातल्या अपत्यांपुरते. आईवडिलांचे लग्नच झालेले नसेल तर या कलमाची ढाल नाही. पितृत्व पुराव्याने सिद्ध करावे लागते. पोटगीच्या बाबतीत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 व्या कलमाने, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 व्या कलमाने, औरस आणि अनौरस असा भेद केलेला नाही. वारशात मात्र तो आहे: हिंदू वारसा कायद्यात अनौरस अपत्याचे नाते आईशी आणि आपसात मानले जाते, वडिलांशी नाही. 1900 च्या जर्मन संहितेतले ते वाक्य ज्यांना चमत्कारिक वाटले त्यांनी हे कलम पुन्हा एकदा वाचावे. जिला वडिलांचे नाव सांगायचेच नाही अशा अविवाहित आईची बाजू 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घेतली. पालकत्वाच्या अर्जात तिने वडिलांचे नाव उघड करण्याची सक्ती नाही, आणि तिने शपथपत्र दिल्यास जन्मदाखला देण्यात यावा, असे सांगितले. रकाना मोकळा ठेवणे हा काहींचा विचारपूर्वक निर्णय असतो, हे त्या निकालाने मान्य केले. माझ्या मित्राच्या घरी तो निर्णय नव्हता, राहून गेलेले काम होते.

राहून गेलेल्या कामाची किंमत काय असते, याचे मी वाचलेले सर्वांत कठोर उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. तिथे अविवाहित पुरुषांसाठी एक नोंदवही होती. तीत नाव नोंदवले की आपल्या अपत्याच्या दत्तकविधानाची सूचना मिळण्याचा हक्क पक्का होई. जोनाथन लेर याने ते केले नाही. अपत्याच्या आईच्या पतीने ते अपत्य दत्तक घेतले, आणि लेर याला कोणी कळवले नाही. 1983 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एक पोस्टकार्ड टाकले असते तरी त्याचा हक्क शाबूत राहिला असता. नोंदवहीबद्दल त्याला माहीत होते का, या प्रश्नाने निकाल बदलला नाही.

मुदतींचेही तसेच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याची पितृत्वाचा दावा करण्यासाठीची सहा वर्षांची मुदत 1988 मध्ये रद्द झाली, कारण सहा वर्षांत आई पैशांच्या अडचणीत, मानसिक ताणात किंवा वडिलांवर आस ठेवून असू शकते आणि तिच्या गप्प बसण्याची शिक्षा अपत्याला का, हा युक्तिवाद न्यायालयाला पटला. फ्रान्समध्ये अपत्याला सज्ञान झाल्यावर दहा वर्षांपर्यंत दावा करता येतो.

वडीलच हयात नसतील तर? प्रसिद्ध माणसांच्या बाबतीत हा प्रश्न थडग्यापर्यंत गेला आहे. अभिनेते इव्ह मोंतां यांचे अवशेष 1998 मध्ये उकरले गेले, चित्रकार साल्वादोर दाली यांचे 2017 मध्ये. दोन्ही वेळा दावा खोटा ठरला. मोंतां यांच्या प्रकरणानंतर फ्रान्सने कायदाच केला की माणसाने जिवंतपणी संमती दिलेली नसेल तर मरणोत्तर चाचणी करता येणार नाही. आमच्या मित्राचे दहन झालेले होते. रुग्णालयात त्याच्या रक्ताचा नमुना जपून ठेवलेला असेल अशी आशा वकिलांना होती. विचारल्यावर कळले की ठेवण्याची मुदत उलटल्यामुळे तो नष्ट केला गेला होता.

तेव्हा लेस्टरच्या त्या पहिल्या खटल्यातलीच युक्ती उलट्या बाजूने वापरायची ठरली: वडील नाहीत, तर वडिलांचे आईवडील. दोन्ही आजीआजोबांचे नमुने मिळाले तर नातवंडाचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहता येतात आणि निष्कर्ष बऱ्यापैकी भक्कम निघतो. एकच मिळाले तर अहवालाचा जोर कमी होतो. मुलगा असता तर वडिलांकडच्या पुरुषांत उतरणारे वाय गुणसूत्र धाकट्या काकाशी ताडता आले असते, पण इथे मुलगी होती. आणि काका तसाही फारसा उत्सुक नव्हता. मुलगी वारस ठरली असती तर भावाच्या विम्याची रक्कम तिच्याकडे गेली असती, हे त्याने कधी बोलून दाखवले नाही, पण प्रत्येक तारखेला त्याला काही ना काही काम निघे.

आजी मात्र दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी येऊन बसली. प्रयोगशाळेच्या माणसाने आधी तिचे ओळखपत्र पाहिले, फोटो काढला, अंगठ्याचा ठसा घेतला आणि मग लांब काडीच्या टोकाचा कापूस तिच्या गालाच्या आतून दोन्ही बाजूंनी फिरवला. काडी वाळवून कागदी पाकिटात गेली. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते आणि नमुना कुजतो, असे त्याने विचारल्यावर सांगितले. पाकिटाच्या तोंडावर चिकटपट्टी लावून तिच्यावर आजीची सही घेतली, अर्धी पट्टीवर आणि अर्धी कागदावर, मध्ये कोणी उघडले तर कळावे म्हणून. मग आजोबांचे, मग मुलीचे. मुलीने काडी चावून धरली आणि सोडेना. आजी म्हणाली, "याच वयात हादेखील डॉक्टरच्या काड्या असाच धरून बसायचा." प्रयोगशाळेचा माणूस क्षणभर थांबला, आणि मग नवीन काडी काढून पहिलीची नोंद रद्द म्हणून लिहिली.

अहवाल यायला सहा आठवडे लागले आणि निकाल यायला पुढे आठ महिने. न्यायालयाने केवळ अहवालावर निर्णय दिला नाही. एकत्र राहिल्याचे भाडेकरार पाहिले, बारशाचे फोटो पाहिले, डॉक्टरांच्या कागदांवर ‘वडील’ म्हणून त्याने केलेल्या सह्या पाहिल्या. वकिलांनी फ्रिजच्या दारावरचा तो अर्धा भरलेला अर्जही पुराव्यात दिला होता. सही नसल्यामुळे स्वीकृती म्हणून त्याला किंमत नव्हती. पण हस्ताक्षर त्याचेच असल्याचे आजोबांनी शपथेवर सांगितले, आणि या माणसाला आपण वडील असल्याची जाणीव होती व तशी नोंद करण्याचा त्याचा इरादा होता, एवढ्यापुरता न्यायाधीशांनी तो ग्राह्य धरला. निकालपत्रात त्याचा उल्लेख ‘दस्तऐवज क्रमांक अकरा’ असा आहे.

नव्या दाखल्यावर रकान्यात नाव आहे आणि खाली समासात न्यायालयाच्या आदेशाचा क्रमांक व तारीख. मूळ अर्ज न्यायालयाच्या दप्तरी राहिला, म्हणून मुलीच्या आईने त्याची प्रमाणित प्रत मागून घेतली. ती आता फ्रिजच्या दारावर त्याच चुंबकाखाली आहे. प्रतीवर वरच्या कोपऱ्यात गोल शिक्का आहे, आणि वजनाच्या रकान्यात त्याने आधी दोन किलो आठशे लिहून, ते खोडून, नऊशे केलेले दिसते.